‘± ६’ला मराठीत काय म्हणायचं?

नांदेडच्या एका पाणी-तपासणी प्रयोगशाळेतून आलेला प्रश्न: फ्लोराइडच्या प्रमाणित द्रावणाच्या प्रमाणपत्रावर ‘१००० ± ६ मि.ग्रॅ./लि., के = २’ असं आहे. मराठी अहवालात ‘६ ची त्रुटी’ लिहावं का? आणि ‘सर्टिफाइड रेफरन्स मटेरियल’ला, म्हणजे मूल्य प्रमाणपत्राने ठरवून दिलेल्या अशा पदार्थाला, काय म्हणावं?

त्रुटी नको. त्रुटी म्हणजे आकडा खऱ्या मूल्यापासून किती आणि कुठल्या बाजूला सरकला ते. ती कळली की वजा करता येते. कळलेलं सगळं दुरुस्त करूनही जी शंका उरते, ती अनिश्चितता. त्यात कुणी मापात पाप केलेलं नसतं. ‘संदिग्धता’ही नको, ती वाक्याच्या अर्थात असते.

मात्र नुसतं ‘अनिश्चितता ६’ हेही अर्धवटच. समजा मूल्य ठरवण्यापोटी २, बाटली-बाटलीतल्या फरकापोटी २ आणि साठवणीतल्या बदलापोटी १ धरले. त्यांची सरळ बेरीज करत नाहीत. वर्गांची बेरीज ९, वर्गमूळ ३. ही प्रमाण अनिश्चितता. तिला व्याप्तिगुणक २ ने (प्रमाणपत्रावरचा ‘के’ तो हाच) गुणलं की ६, ही विस्तारित. विश्वासपातळी, म्हणजे खरं मूल्य या पट्ट्यात असण्याची खात्री, सुमारे ९५ टक्के.

‘प्रमाण’ की ‘विस्तारित’ हे विशेषण गाळलं की गणित बिघडतं. तुमच्या मोजणीची सरासरी ९८८ आली आणि तुमची प्रमाण अनिश्चितता ४ आहे, असं धरा. ४ आणि ३ यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ ५, दुप्पट १०; ही फरकाची मर्यादा. प्रत्यक्ष फरक १२ चा, म्हणजे पद्धतीत दोष आहे. ३ च्या जागी चुकून ६ घातले तर मर्यादा १४.४ होते आणि तोच दोष खपून जातो.

तेव्हा असं लिहा: ‘प्रमाणित मूल्य १००० मि.ग्रॅ./लि.; विस्तारित अनिश्चितता ६ मि.ग्रॅ./लि. (व्याप्तिगुणक २, विश्वासपातळी सुमारे ९५ टक्के).’ अनिश्चितता कधीच ऋण नसते, म्हणून ती एकटी लिहिताना ‘±’ नको. आणि ‘१०००.३७ ± ६’ तर मुळीच नको. मूल्याचे अंक अनिश्चिततेच्या शेवटच्या अंकापाशीच थांबवायचे.

दुसऱ्या शब्दासाठी फार शोधायला नको. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आपल्या अशा पदार्थांना ‘भारतीय निर्देशक द्रव्य’ म्हणते. मराठीत ‘प्रमाणित निर्देशक द्रव्य’ सहज बसतं. फक्त टंकताना ‘द्रव’ होऊ देऊ नका. या पदार्थांत सोनंही आहे.