कॉकपिट म्हणजे खोली नव्हे

सिंदेवाही तालुक्यातल्या एका गुरुजींनी विचारलं आहे : शाळेच्या हस्तलिखितात लढाऊ विमानावर लेख आहे, त्यात कॉकपिटला 'केबिन' लिहावं की 'वैमानिक कक्ष'?

दोन्ही नको. 'लढाऊ विमानाची केबिन' हे बातम्यांत ऐकून ऐकून कान किटले. तेजसमध्ये सहसा एकटा वैमानिक, सुखोई-३० मध्ये एकामागे एक दोघे. डोक्यावर कॅनॉपी म्हणजे पारदर्शक झाकण, अंग पट्ट्यांनी खुर्चीला जखडलेलं, आणि संकटात ती खुर्चीच माणसासकट बाहेर फेकली जाणार. जिथे धड उभं राहता येत नाही, तो कक्ष कसला?

मूळ शब्द बघा, किती आपल्या ओळखीचा आहे! कॉक म्हणजे कोंबडा, पिट म्हणजे खड्डा. १६व्या शतकातले इंग्रज कोंबडे झुंजवायच्या रिंगणाला कॉकपिट म्हणत. आपल्या झाडीपट्टीतला कोंबडबाजारच तो! पुढे युद्धनौकेच्या पोटातल्या अंधाऱ्या जागेला हे नाव पडलं. लढाईत जखमींना तिथे नेत. १८०५ साली ट्रफाल्गरच्या सागरी लढाईत इंग्रजांचा नौसेनापती नेल्सन याने प्राण सोडला तो कॉकपिटमध्येच. मग लहान होडीतला सुकाणूजवळचा बसायचा खळगा कॉकपिट झाला, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास विमानातलाही.

काही जाणकार हा शब्द 'कॉक्सवेन', म्हणजे होडीचा सुकाणूवाला, यावरून आला असं ठासून सांगतात. साफ चूक. नेल्सनला नेलं ती जागा पाण्याच्या पातळीखाली होती. जहाजाचं सुकाणूचक्र वर डेकवर. शिवाय नौकेवर पोहोचण्याआधीपासून हा शब्द कोंबड्यांच्या रिंगणाला होता, त्याचं काय करायचं?

मला तर वाटतं, वैमानिकांच्या तोंडी हा शब्द टिकला तो झुंजीमुळेच. कोंबडबाजार कायद्याने बंद आहे आणि बंदच राहावा, पण ज्यांनी तो पाहिलाय त्यांना आठवेल : कोंबड्याच्या पायाला काती, म्हणजे धारदार पातं, बांधणारा वेगळा, रिंगणात उतरणारा वेगळा. धावपट्टीजवळही तसंच. जमिनीवरचे तंत्रज्ञ वैमानिकाचे पट्टे आवळून देतात, खुर्चीच्या सुरक्षा-पिना काढतात, शिडी बाजूला घेतात. पुढचं सगळं आत बसलेल्याचं.

तर गुरुजी, 'कॉकपिट'च लिहा. मराठी शब्दच हवा असेल तर 'खोबण' लिहा. खोबणीत खुंटी बसावी तसा वैमानिक तिथे बसतो.