रंगरूट म्हणजे खोडवा!

प्रश्न असा: आजोबांच्या कागदावर '१०/५ मराठा' लिहिलंय, म्हणजे दहाव्या पलटणीची पाचवी तुकडी का? आणि 'रंगरूट' हा शब्द 'रंग'वरून आला का?

आधी ती 'तुकडी' टाका. प्लॅटून असो, कंपनी असो, बटालियन असो, पेपरवाल्यांना सगळी तुकडीच. भाकरी आहे का ती? '१०/५' म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची दहावी पलटण, म्हणजे बटालियन. १९२२ च्या ब्रिटिश हिंदी सैन्याच्या फेररचनेत या रेजिमेंटच्या, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या, पाच पलटणी लढाऊ राहिल्या आणि पूर्वीची ११४वी मराठा दहावी होऊन बेळगावात नवी पोरं घडवायला बसली. मधले आकडे मोकळे ठेवले, युद्धात नव्या पलटणी उभ्या करायला. दहावीत प्रत्येक लढाऊ पलटणीची स्वतंत्र कंपनी असे आणि उस्ताद, म्हणजे शिकवणारे, त्याच पलटणीतून पाळीपाळीने येत. दुसऱ्या महायुद्धात हीच रचना रेजिमेंटचं प्रशिक्षण सेंटर झाली. तेव्हा दहावीतले आजोबा म्हणजे 'लढाईला न गेलेले' असं समजू नका; उस्ताद बहुधा आघाडी बघून आलेला असायचा.

आता 'रंगरूट', म्हणजे सैन्यात नवा भरती झालेला. आमच्याकडचे एक शब्दपंडित 'रंग आणि रूप' अशी फोड करतात. करोत बापडे! हा सरळ इंग्रजी 'रिक्रूट', सैन्यातल्या तोंडी घासून गुळगुळीत झालेला. 'रंग' नंतर कानाने चिकटवला. रंकाळ्याभोवती पहाटे भरतीसाठी पळणाऱ्या पोरांना रंगाचं काय घेणं?

पण रिक्रूटच्या मागे जा. फ्रेंच 'रक्रू', म्हणजे पुन्हा उगवलेलं. मूळ क्रियापद 'वाढणे', वर 'पुन्हा' हा उपसर्ग. विमानातला 'क्रू'सुद्धा त्याच घरचा, मूळ अर्थ वाढीव माणसं, कुमक.

पुन्हा उगवलेलं! कोल्हापूरकराला हे समजावून सांगायला लागतंय? ऊस तुटला, बुडखे छाटले, पाचट पसरलं, की पाणी मिळताच त्याच बुंध्यातून कोंब फुटतात. खोडवा! आघाडीवर पलटण कापली गेली की बेळगावच्या मुळातून तिचेच कोंब यायचे, तिच्याच कंपनीतून. युद्धात तर जुन्या पलटणीतली अनुभवी माणसं काढून नव्या उभ्या करत, बेण्यासारखी. माझं तर ठाम मत आहे, 'रिक्रूट'ला मराठी प्रतिशब्द 'खोडवा'च हवा होता. 'नवसैनिक' कसला, सरकारी फॉर्मवरचा शब्द.

हां, कागदावर आकड्यापुढे कंपनीचं अक्षर असेल तर तेही कळवा.