कोल्हापुरातून ईशान्येला दिसणारा पिवळसर, लुकलुकणारा तारा कोणता? तो सूर्यासारखाच असतो का?

तुम्ही लिहिलंय नोव्हेंबरात रात्री आठ-नऊला खाली लाल-हिरवं लुकलुकतंय आणि मुलगा म्हणतोय ड्रोन आहे. ड्रोन नाही ओ, तो ब्रह्महृदय, इंग्रजीत कॅपेला, सारथी तारकासमूहातला. क्षितिजाजवळ हवेचा थर जाड असतो म्हणून रंग फुटतात, वर आला की गप पिवळसर दिसतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला नऊच्या सुमारास उत्तरेला तोंड करून बघा, चांगला 60 अंश वर असतो. रात्रीच्या आकाशात तेजस्वीपणात सहावा, त्यामुळं आमच्या गल्लीतल्या एलईडी दिव्यांच्या उजेडातसुद्धा दिसतो. रंग नीट बघायचा तर दुर्बिणीचा फोकस जरा बिघडवा, ठिपक्याचा गोळा होतो आणि पिवळेपणा लगेच कळतो.

आता सूर्यासारखा का, तर रंगानं हो, बाकी नाही. मुळात तो एक तारा नाहीच, दोन पिवळे राक्षसी तारे आहेत (शिवाय लांब दोन बारके लाल तारे, ते डोळ्यांना दिसत नाहीत). एकाचं तापमान साधारण 5000 केल्विन, दुसऱ्याचं 5700, आपला सूर्य 5800च्या आतबाहेर, म्हणून रंग जुळतो. पण एक सूर्याच्या 12 पट रुंद, दुसरा जवळपास 9 पट, आणि प्रत्येकाचा उजेड सूर्याच्या 70-80 पट! दोघांत अंतर फक्त 11 कोटी किमी, म्हणजे आपल्यापासून सूर्य आहे त्याहून कमी, आणि 104 दिवसांत एकमेकांभोवती एक फेरी. हे 1899 मध्ये वर्णपटावरून, म्हणजे ताऱ्याचा उजेड रंगांत फोडून बघितल्यावर कळलं, कारण साध्या टेलिस्कोपमधून दोन ठिपके वेगळे दिसतच नाहीत.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वयाची वाटते. हे तारे साधारण 60 कोटी वर्षांचे, सूर्य 460 कोटींचा, म्हणजे ते त्याच्यापुढं पोरंच, तरी म्हातारपण आधी त्यांना आलं. वस्तुमान सूर्याच्या अडीच पट ना, मग गुऱ्हाळाच्या चुलवाणासारखं होतं, चिपाडाचा ढीग केवढा का असेना, जाळ एवढा मोठा की बघता बघता संपतो आणि घरातली चूल मात्र थोडक्या लाकडांवर दिवसभर चालते. गाभ्यातला हायड्रोजन (ताऱ्याचं जळण) संपला, मग बाहेरचा भाग फुगत गेला. त्यातही जो किंचित जड तो पुढं गेलाय, त्याच्या गाभ्यात आता हेलियम जळतोय, दुसरा अजून त्या वाटेवर आहे.

अंतर 43 प्रकाशवर्षं, म्हणजे आज दिसतोय तो उजेड 43 वर्षांपूर्वी, आमचं घर कौलारू होतं तेव्हा निघालेला.

एप्रिल संपताना बघायचा असेल तर नऊला पन्हाळा-जोतिबाच्या अंगाला, म्हणजे वायव्येला, बराच खाली. पण तेव्हा वळवाचे ढग असतात, मागच्या वर्षी मी चार दिवस गच्चीवर गेलो तेव्हा कुठं एकदा दिसला.