आशियाई अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद म्हणजेच एशियाड का? आणि कविता राऊतचं पदक नेमकं कशातलं?

नाही, या दोन वेगळ्या स्पर्धा आहेत. पण तुमचा गोंधळ होणं साहजिक आहे, कारण ग्वांगझूमध्ये २००९ ला आशियाई अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद झालं आणि पुढच्याच वर्षी एशियाड. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊतचं तुम्ही विचारलेलं रौप्य नोव्हेंबर २०१० च्या एशियाडमधलं. १०,००० मीटर, सुवर्ण प्रीजा श्रीधरनला आणि पाठोपाठ कविता. त्याच्या महिनाभर आधी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिला याच अंतरात ब्राँझ मिळालं होतं. राष्ट्रकुलच्या ट्रॅकवर वैयक्तिक पदक घेणारी ती पहिली भारतीय महिला. आमच्या नाशकात ही सगळी पदकं एकाच पिशवीत घालायची सवय आहे. इथल्या भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर तिला पळताना पाहिलेली माणसंसुद्धा बिनदिक्कत चुकीचं सांगतात.

एशियाड म्हणजे १९५१ ला दिल्लीत सुरू झालेली, चार वर्षांनी भरणारी जत्रा. कबड्डीपासून पोहण्यापर्यंत सगळं त्यात. आशियाई अजिंक्यपदात मात्र फक्त धावणं, उड्या आणि फेक. ती १९७३ ला मनिलात सुरू झाली. सुरुवातीचं वेळापत्रक जरा लंगडतच होतं. १९७५ ला सोलनंतर थेट १९७९ ला टोकियो, मग १९८१ ला परत टोकियो. पुढे २००२ ला कोलंबो आणि लगेच २००३ ला मनिला, तेव्हापासून विषम वर्षं पक्की झाली. जागतिक स्पर्धाही विषम वर्षातच असते, त्यामुळे आपल्या खेळाडूंसाठी ही तिथली पात्रता मिळवायची मोठी संधी. कोरोनामुळे २०२१ ची हांगझूची स्पर्धा रद्द झाली, तो एक खंड.

भारतापुरतं बोलायचं तर १९८५ चं जकार्ता हे एकच साल पाठ असलं तरी चालेल. पी. टी. उषानं १००, २००, ४००, ४०० मीटर अडथळा आणि ४ बाय ४०० रिले अशी पाच सुवर्णं घेतली, वर ४ बाय १०० मध्ये ब्राँझ. मी जिल्हा स्पर्धांना टायमिंगला बसतो. दोन दिवसांत तीन शर्यती पळालेल्या पोरांचे पाय कसे भरून येतात ते समोर दिसतं. हीट, सेमी, फायनल धरून उषानं तिथे किती पळून काढलं असेल, याचा हिशेब करून बघा.

आपल्या घराजवळ ही स्पर्धा आली ती २०१३ ला, पुण्यात, बालेवाडीला. खरं तर यजमान चेन्नई होती. श्रीलंकेच्या खेळाडूंना येऊ देणार नाही, अशी तमिळनाडू सरकारनं भूमिका घेतली आणि स्पर्धा तिथून हलली. हाताशी थोडे महिने आणि तारखा ३ ते ७ जुलै, म्हणजे ऐन पावसाळा! तरी पुण्यानं ती पार पाडली. आपल्याला सुवर्णं दोनच मिळाली: थाळीफेकीत विकास गौडा आणि महिलांची ४ बाय ४०० रिले.

मला त्या स्पर्धेतली सगळ्यात बोलकी शर्यत वाटते ती महिलांची स्टीपलचेस. ३,००० मीटर, २८ अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा. आपली सुधा सिंग दुसरी आली, पहिली आली बहरीनची रुथ जेबेट. जेबेट मूळची केनियाची, तेव्हा अजून शाळकरी वयाची. तीन वर्षांनी तीच पोरगी रिओत ऑलिंपिक विजेती झाली. आखाती देशांनी आफ्रिकेतले धावपटू नागरिकत्व देऊन आणायला लागल्यापासून आशियातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींचं गणितच बदललं. यात तक्रारीचा सूर लावणारे खूप आहेत. माझं मत वेगळं आहे. नियमात बसत असेल तर पळू द्या, पण मग आपल्या मुलीचं रौप्य मोजताना पुढे कोण होतं तेही बघा.

याच शर्यतीत पुढे माणदेशातल्या मोहीच्या ललिता बाबरनं २०१५ ला वुहानला सुवर्ण घेतलं, ९ मिनिटं ३४.१३ सेकंदांत. आणि २०१७ ला भुवनेश्वरमध्ये सुधा सिंगनंही.

भुवनेश्वरचीही गंमतच. स्पर्धा ठरली होती रांचीला, ती ऐनवेळी कलिंगा स्टेडियमवर आली आणि भारत पदकतालिकेत पहिल्यांदा अव्वल ठरला: १२ सुवर्णं, एकूण २९ पदकं. नीरज चोप्राचं ८५.२३ मीटरचं सुवर्ण त्यातलंच. आणि तुम्हाला नाशिकचं पदक हवं असेल तर ते इथे आहे: चांदवड तालुक्यातल्या संजीवनी जाधवचं ५,००० मीटरमधलं ब्राँझ. मात्र 'आशियात आपण नंबर एक' हे वाक्य जरा जपून वापरा. महिन्याभरावर लंडनची जागतिक स्पर्धा होती आणि चीननं आपली पूर्ण ताकद उतरवली नव्हती. आपण मात्र यजमान म्हणून भला मोठा संघ उतरवला होता.

त्या २९ पदकांपेक्षा मला २०२५ ला दक्षिण कोरियातल्या गुमीत झालेल्या याच स्पर्धेतलं एक सुवर्ण जास्त वजनदार वाटतं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे, पुरुषांची स्टीपलचेस, ८ मिनिटं २०.९२ सेकंद. याआधी या शर्यतीत भारताला सुवर्ण मिळालं होतं ते १९८९ ला दिल्लीत, दीना रामला.