स्वित्झर्लंडमध्ये बुलेट ट्रेन का नाही?

पैसा आहे, तंत्रज्ञान आहे, मग स्वित्झर्लंडने बुलेट ट्रेन का बांधली नाही, असं तुम्ही विचारलंय. फ्रान्सची टीजीव्ही ही बुलेट ट्रेन जिनिव्हा, बाझेल, झुरिचपर्यंत येते, पण सीमा ओलांडली की तिला बाकीच्या गाड्यांच्या वेगानेच धावावं लागतं. स्वतःसाठी तसा मार्ग टाकायची गरज स्विस लोकांना वाटली नाही. देश लहान आहे हे त्याचं अर्धंच कारण. उरलेलं कारण त्यांच्या वेळापत्रकात आहे.

1982 पासून तिथे मुख्य मार्गांवर दर तासाला, त्याच मिनिटाला गाडी सुटते. 1987 मध्ये ‘बान 2000’ ही योजना जनमताला टाकली गेली आणि लोकांनी ती मंजूर केली. कल्पना अशी: झुरिच, बर्न, बाझेल अशा जंक्शनांवर सगळीकडच्या गाड्या तास भरायच्या थोड्या आधी येऊन उभ्या राहतात, लोक फलाट बदलतात आणि तास उलटल्यावर सगळ्या गाड्या सुटतात. हे जमायला दोन जंक्शनांमधला प्रवास तासापेक्षा (किंवा अर्ध्या तासापेक्षा) थोडा कमी असावा लागतो. झुरिच ते बर्नला 69 मिनिटं लागायची, म्हणजे पुढची जोडगाडी (उतरून बदलायची गाडी) हमखास चुकणार. म्हणून माटश्टेटन ते रोथरिस्ट असा सुमारे 45 किलोमीटरचा, ताशी 200 किलोमीटर वेगाचा नवा मार्ग बांधला. 2004 च्या डिसेंबरपासून तोच प्रवास 56 मिनिटांवर आला. इथेच ते थांबले. आणखी खर्च करून 40 मिनिटांत पोहोचवलं असतं, तरी पुढे जाणारा प्रवासी बर्नच्या फलाटावर ताटकळत बसला असता!

म्हणजे आधी वेळापत्रक ठरवायचं, त्यात कुठे किती मिनिटं कमी पडतात ते पाहायचं, आणि तेवढ्यापुरतंच बांधकाम करायचं. मला यातलं हे सगळ्यात हुशारीचं वाटतं, कारण बहुतेक देश आधी मार्ग बांधतात आणि गाड्या कशा चालवायच्या ते नंतर बघतात.

‘मग 57 किलोमीटरचा गॉटहार्ड बोगदा कशाला?’ असं कुणी म्हणेल. तो मुख्यतः मालवाहतुकीसाठी आहे. आल्प्स ओलांडणारा माल ट्रकवरून रेल्वेवर आणावा, असा कौल लोकांनी 1994 मध्ये दिला. 2001 पासून अवजड ट्रकना वजन, अंतर आणि प्रदूषण बघून कर लागतो, आणि त्यातला मोठा वाटा रेल्वेच्या बोगद्यांवर खर्च झाला. जुना, 1882 चा मार्ग जवळपास 1,150 मीटर उंची गाठायचा. 2016 मध्ये सुरू झालेला नवा बोगदा 550 मीटरच्या वर जात नाही, त्यामुळे जड मालगाड्यांना घाट चढावा लागत नाही.

या पद्धतीची दुखरी बाजूही आहे. एक गाडी रखडली की जंक्शनावरच्या सगळ्या जोडगाड्यांची पंचाईत होते. म्हणूनच उशिरा आलेल्या जर्मन गाड्यांना बऱ्याचदा बाझेललाच थांबवतात आणि पुढच्या प्रवासाला स्विस गाडी देतात.