आधी स्कूल प्रोफाइल

अनेक आशीर्वाद.

समुपदेशक म्हणून रुजू झालीस आणि पहिल्याच आठवड्यात अमेरिकेला निघालेल्या नऊ मुलांच्या फायली तुझ्या टेबलावर येऊन पडल्या, हे वाचून हसू आलं. माझ्या वेळी दोनच होत्या, तरी झोप उडाली होती. शिफारसपत्राची सुरुवात कशी करू, असं विचारलंयस. पत्र राहू दे. आधी शाळेचं स्कूल प्रोफाइल, म्हणजे अर्जासोबत कॉलेजांना जाणारी शाळेची ओळख, काढून बघ.

तिकडच्या पुष्कळ कॉलेजांत भारतातले अर्ज वाचणारी व्यक्ती ठरलेली असते. आयबीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या, शाळा तिच्या ओळखीच्या असतात. आपलं राज्य बोर्ड तितकं असेलच असं नाही. अकरावी-बारावीला आपण बिनदिक्कत ‘ज्युनियर कॉलेज’ म्हणतो. अमेरिकेत ज्युनियर कॉलेज म्हणजे शाळा संपल्यावरचं दोन वर्षांचं कॉलेज. नुसतं तेवढंच लिहिलंस तर मूल आधीच कॉलेजात शिकतंय, असा समज व्हायचा. तेव्हा ही शालेय शिक्षणाचीच शेवटची दोन वर्षं, हे अगदी वरच लिही. कॉमन अ‍ॅपला (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) नववीपासूनचे गुण लागतात. दहावीपर्यंत एक शाळा आणि पुढे दुसरी, हेही मग तिथेच उलगडतं. (जुन्या शाळेतून नववीचं प्रगतिपुस्तक मिळवायला दोन-तीन हेलपाटे धरूनच चाल.)

गुणांचंही तसंच. बारावी सायन्सला 84 टक्के पडले की आपल्याकडे पेढे वाटतात. बहुतेक अमेरिकन शाळांत 84 म्हणजे ‘बी’. पास व्हायला 35 लागतात हे सांग, आणि गेल्या वर्षी तुमच्याकडे 90 च्या वर किती होते, 80 च्या वर किती, तो तक्ता दे. तुझ्या दहा विशेषणांपेक्षा तो तक्ता मुलाची बाजू चांगली मांडेल.

मिड-इयर रिपोर्टमध्ये, म्हणजे बारावीच्या मध्यावर कॉलेजांना पाठवायच्या अहवालात, प्रिलिमचे गुण जातात, आणि प्रिलिमला आपले सर हात आखडून गुण देतात. आपल्याला ते माहीत असतं. वाचणाऱ्याला वाटतं, पोरानं अर्ज टाकला आणि अभ्यास गुंडाळला. खुलाशाची एक ओळ घाल. बोर्डाचा निकाल यायला मे उजाडतो. तोवर त्यांचे निर्णय झालेले असतात.

एकदा मीही असा खुलासा न करता गप्प बसले होते. एका मुलीचे अकरावीचे गुण घसरले. वडील अंथरुणाला खिळलेले, घरचं दुकान तिच्या गळ्यात. आई म्हणाली, घरातलं बाहेर नको, आणि मी मुलीला विचारलंसुद्धा नाही. नकार आला. त्याचं कारण हेच होतं का, कोण सांगणार? पण पुढे भेटली तेव्हा म्हणाली, “मॅडम, मी तर लिहा म्हटलं असतं.” तेव्हापासून मी आधी मुलाला विचारायची. हो म्हणालं, तर काय झालं आणि केव्हापासून, एवढंच दोन-तीन वाक्यांत. रडकथा नाही.

“जरा कॉलेजला फोन करून बघा ना” हे पालकांचं वाक्य तू इतक्यांदा ऐकशील की झोपेत आठवेल. बघण्यासारखं काही नसतं गं. गुण चुकीचे चढले, मुलानं विषय बदलला, तर आपणहून आणि लगेच कळव. निकाल लागल्यावर ‘आमच्याच मुलाला का नाही’ म्हणून मात्र विचारू नकोस. मेलमध्ये मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि एकच मुद्दा.

अर्ली डिसिजनवर, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर टाकायच्या बांधील अर्जावर, मुलाची, पालकांची आणि तुझी, अशा तिघांच्या सह्या असतात. निवड झाली तर तिथेच जाऊ, बाकीचे अर्ज मागे घेऊ, असा तो शब्द असतो. एकदम दोन कॉलेजांना टाकू म्हणणारा बाप भेटेलच. सही करू नकोस, अगदी ट्रस्टींचा पुतण्या असला तरी. उघडकीला आलं तर ते शाळेच्या नावावर चढतं, आणि पुढच्या वर्षी पत्रं तुलाच पाठवायची असतात.

हो, आणि पत्र बघायचा हक्क सोडल्याची खूण मुलानं फेर्पाच्या (विद्यार्थ्यांच्या नोंदींबद्दलचा अमेरिकी कायदा) चौकटीत केली असेल, तर ते आईबाबांना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘नुसतं वाचायला’ पाठवायचं नाही.

प्रोफाइलचा कच्चा मसुदा रविवारपर्यंत पाठव, दोन पानांत बसेल असा. संस्थापकांचा फोटो आणि प्रार्थनेचं इंग्रजी भाषांतर त्यात असणारच. ते काढून मग पाठव.

तुझी,
मॅडम