एएस/४०० मधला डेटा रोज रात्री आपोआप सर्व्हरवर कसा पाठवायचा?

तुमचा प्रश्न असा: दिवसभराची विक्री एएस/४०० या आयबीएमच्या व्यावसायिक संगणकात असते, संध्याकाळी एकजण ती हाताने पीसीवर उतरवून विंडोज सर्व्हरवर टाकतो, आणि तो रजेवर गेला की रिपोर्ट अडतो. (नाव आता आयबीएम आय झालंय, पण १९८८ पासून तोंडात बसलेलं नाव जात नाही. मीही एएस/४०० च म्हणतो.)

आधी एक अनुभव सांगतो. एका ठिकाणी हेच काम साध्या एफटीपीवर (नेटवर्कवरून फाइली पाठवायची जुनी पद्धत) होतं. कमांड एका सोर्स मेंबरमध्ये (मजकूर साठवायच्या जागेत) लिहिलेल्या, एफटीपी जिथून कमांड वाचतं ती ‘इनपुट’ फाइल ओव्हरराइड करून तिकडे वळवलेली, आणि जॉब शेड्यूलरवर लावलेला. कुणीतरी सर्व्हरचा पासवर्ड बदलला. रोज रात्री लॉगिन नाकारलं जायचं, तरी जॉब नॉर्मल संपायचा. सर्व्हरवर त्याच नावाची जुनी फाइल पडून होती, तीच रोज पुन्हा लोड होत राहिली. चार दिवस गोदामातली माणसं शिळ्या आकड्यांवर माल काढत होती.

कारण एएस/४०० ची एफटीपी कमांड आतली चूक एरर म्हणून बाहेर फेकत नाही, नुसती ‘आउटपुट’मध्ये लिहून ठेवते. एफटीपी वापरणं भागच असेल, तर ‘आउटपुट’ही एका फाइलकडे वळवा, सीएल (एएस/४०० ची कमांड भाषा) प्रोग्रॅममधून ती वाचा आणि फाइल पाठवल्याच्या ओळीनंतर २२६ किंवा २५० हा कोड दिसला तरच काम झालं असं धरा. पण एफटीपीत पासवर्ड तारेवरून उघडा जातो, म्हणून मी तुम्हाला एसएफटीपीच (फाइल पाठवणंच, पण एसएसएचच्या कूटबद्ध जोडणीतून) सांगेन.

पहिली पायरी फाइल बनवण्याची. टेबल आहे तसं उचलून पाठवू नका. एएस/४०० मधली अक्षरं एब्सिडिक या आयबीएमच्या अक्षर-संकेतात असतात आणि रकमा बहुधा पॅक्ड डेसिमलमध्ये, म्हणजे एका बाइटमध्ये दोन अंक बसवून. अक्षरांसाठीचं रूपांतर पॅक्ड रकमेवर चाललं की रकमेचा चुराडा होतो. ‘कॉपी टू इम्पोर्ट फाइल’ कमांडने आयएफएसमध्ये (एएस/४०० ची फोल्डरवाली फाइल व्यवस्था) सीएसव्ही काढा आणि त्या स्ट्रीम फाइलचा सीसीएसआयडी (अक्षर-संकेताचा क्रमांक) १२०८, म्हणजे यूटीएफ-८, मागा. दोन गोष्टी इथे हमखास नडतात. ‘रिप्लेस’ स्वतः लिहावं लागतं, नाहीतर आजच्या ओळी कालच्या फाइलच्या शेपटीला जोडल्या जातात. आणि जुन्या फाइलींतल्या फील्डचा सीसीएसआयडी ६५५३५ असेल, तर ‘रूपांतर करू नका’ असा त्याचा अर्थ, मग समोर अगम्य चिन्हं येतात. फील्ड एसक्यूएलमध्ये कास्ट करून घेतलं की हे सुटतं.

मग पाठवणं. एसएफटीपी क्यूशेलमधून (एएस/४०० वरचं युनिक्ससारखं शेल) चालवता येतं. रात्री पासवर्ड टाइप करायला कुणी नसतं, म्हणून पासवर्डऐवजी खाजगी-सार्वजनिक की-जोडी हवी. खाजगी की ६०० परवानगीवर (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा. ती इतरांना वाचता येत असेल तर एसएसएच ती वापरतच नाही. पहिल्या जोडणीला ‘या सर्व्हरवर विश्वास ठेवू का?’ असा प्रश्न येतो. ज्या यूजर प्रोफाइलखाली जॉब चालणार, त्याच प्रोफाइलने एकदा हाताने जोडून, सर्व्हरचा फिंगरप्रिंट ताडून त्याला उत्तर द्या. एसएफटीपी ‘-बी’ पर्यायाने, म्हणजे बॅच फाइल देऊन, चालवलं की एक कमांड फसताच ते थांबतं आणि शून्याखेरीज दुसरा कोड परत देतं. पण क्यूशेल तो कोडही पोटात ठेवतं! त्यासाठी ‘क्यूआयबीएम_क्यूएसएच_सीएमडी_एस्केप_एमएसजी’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ‘वाय’ करा. मग सीएलमध्ये एस्केप मेसेज, म्हणजे चूक झाल्याचा निरोप, येतो, तो मॉनिटर करून ऑपरेटरला कळवता येतं.

फाइलच्या नावात तारीख घाला, म्हणजे कालची फाइल आजची म्हणून खपणार नाही. पाठवताना शेवट ‘.टीएमपी’ ठेवा आणि पूर्ण गेल्यावर नाव बदला. नाहीतर सर्व्हर अर्धी फाइल उचलतो. सोबत ओळींची संख्या आणि रकमेची बेरीज असलेली छोटी फाइल पाठवून लोड करण्याआधी दोन्ही जुळवा.

जॉब घड्याळावर लावण्यापेक्षा डे-एंडच्या (दिवसअखेरीची कामं उरकणाऱ्या) सीएलच्या शेवटी बोलवा. महिनाअखेरीला डे-एंड लांबतो आणि दोनच्या ठोक्याला अर्धवट आकडे निघतात.

सर्व्हरनेच डेटा ओढायचा असेल, तर जेटीओपन या मुक्त जावा संचातल्या जेडीबीसी (डेटाबेसशी जोडणाऱ्या) ड्रायव्हरने छोटा प्रोग्रॅम लिहा. मात्र विंडोज टास्क शेड्यूलरवर, कुणी लॉगिन नसताना, मॅप केलेली ड्राइव्ह दिसत नाही. पूर्ण नेटवर्क पाथच द्या.

आणि सर्व्हरवर एक वेगळं टास्क हवंच: सकाळी सहापर्यंत आजच्या तारखेची फाइल आली नाही, तर ईमेल जावा. एएस/४०० च बंद असेल तर तक्रार करायला तिकडे कुणीच नसतं. सगळं बसवून झालं की एका रात्री की फाइलचं नाव मुद्दाम बदलून ठेवा आणि सकाळी कुणाकुणाला मेसेज आला ते बघा. कुणालाच आला नसेल, तर हाताने उतरवणं इतक्यात बंद करू नका.